एका भाकरीत किती कोस?

माहूरच्या डोंगरांत दोन दिवस पायी हिंडायचं ठरलं, तेव्हा आदल्या रात्री आजीनं परातीत पीठ घेता घेता तीन प्रश्न विचारले.

"किती जण हाव?"

"चौघं."

"रोजचं किती चालणार?"

"सहा कोस."

"अन् येणार कव्हा?"

"परवा रात्री."

तिनं बोटांची पेरं मोजली आणि म्हणाली, "मानसी दिसाला पाच भाकरी. अन् एक वरची."

"वरची कशाला?"

"वाट हाय बाबा. कुठं उशीर व्हईल, कोन भेटंल, काय सांगावं?"

तिनं वही काढली नाही, वजनकाटा काढला नाही. मी मात्र नंतर काटा काढला, पुस्तकं काढली आणि तिच्या त्या एका वाक्याचा हिशेब मांडत बसलो. उत्तर समोर आलं तेव्हा मी बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिलो.

भाकरीतला विस्तव

आमच्या घरची एक भाकरी साधारण ७५ ग्रॅम ज्वारीच्या पिठाची. १०० ग्रॅम ज्वारीत ३३० ते ३५० कॅलरी असतात, म्हणजे एका भाकरीत अडीचशे. ही अडीचशे कॅलरी म्हणजे नेमकं किती? आहारात आपण जिला एक कॅलरी म्हणतो, ती एक लिटर पाणी एका अंशानं तापवते. त्या मापानं एका भाकरीतला विस्तव सव्वातीन लिटर पाणी माठातल्या गारव्यापासून उकळीपर्यंत नेऊ शकतो. हातात घेतलेली पांढरीफटक, थंड भाकरी. आणि तिच्या आत भरल्या पातेल्याला आधण आणणारी आग!

आता हीच आग पायांत घालू. ६५ किलो वजनाचा माणूस, पाठीवर आठ किलोची पिशवी. सपाट वाटेनं तो एक किलोमीटर चालला की साधारण ६५ कॅलरी खर्च होतात. भागाकार केला तर एका भाकरीवर पावणेचार किलोमीटर. आपला जुना कोस ढोबळमानानं दोन मैलांचा, म्हणजे सव्वातीन किलोमीटरांचा. एक भाकरी, सव्वा कोस!

सहा कोस म्हणजे एकोणीस-वीस किलोमीटर. त्यांचा खर्च साडेबाराशेच्या आसपास. आणि पाच भाकऱ्यांतली ऊर्जा? साडेबाराशे.

यात जादू नाही. नांगरामागं चालणाऱ्या, बाजाराच्या गावाला पायी जाऊन येणाऱ्या, जत्रेला कोसकोस चालणाऱ्या माणसांना जेवू घालणाऱ्या बायकांच्या पिढ्यांनी हे मोजलं आहे. पाच टाकल्या तर माणूस दमलेला येतो का, सहा टाकल्या तर एक परत येते का, हे त्यांनी रोज संध्याकाळी पाहिलं. रोजची निरीक्षणं, पिढ्यान् पिढ्या. प्रयोगशाळेला एवढा अवधी क्वचितच मिळतो.

गाठोडं उघडून पाहू

पण माणूस फक्त चालण्यासाठी खात नाही. तो नुसता झोपून राहिला तरी हृदय, मेंदू, फुप्फुसं, यकृत यांना दिवसाला पंधराशे-सोळाशे कॅलरी लागतात. उठणं-बसणं धरलं तर सतराशे. डोंगर आला की आणखी भर: त्याच माणसाला १०० मीटर उंची चढायला साधारण ७० कॅलरी पडतात, म्हणजे सपाटीवरचा एक जादा किलोमीटर. माहूरला रेणुकामाता, दत्तशिखर आणि अनुसूयामाता अशी तीन ठाणी वेगवेगळ्या टेकड्यांवर आहेत. तिथं दिवसभरात पाच-सहाशे मीटरांची चढण सहज गोळा होते. सगळं मिळून दिवसाचा खर्च तीन हजार ते साडेतीन हजार.

भाकऱ्यांनी चालण्याचा खर्च उचलला, मग उरलेला कोण उचलतो? आजीच्या गाठोड्यात एका माणसाच्या एका दिवसासाठी भाकऱ्यांखेरीज हे होतं: शेंगदाण्याची कोरडी चटणी ७५ ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे १०० ग्रॅम, गूळ ७५ ग्रॅम, फुटाणे १०० ग्रॅम. चटणीच्या ४००, शेंगदाण्यांच्या ५५०, गुळाच्या २७०, फुटाण्यांच्या ३७०. बेरीज जवळजवळ सोळाशे! भाकऱ्या धरून अठ्ठावीसशेच्या वर. आणि सगळ्याचं वजन ९०० ग्रॅम.

जगभरचे पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणारे लोक माणशी दिवसाला ७०० ते ९०० ग्रॅम कोरडं अन्न धरतात. आमचं गाठोडं नेमकं त्या मापाच्या वरच्या कडेला बसलं, कारण भाकरीत पाणी असतं. ७५ ग्रॅम पिठाची भाकरी भाजून तयार झाली की ११० ग्रॅम भरते. ते वरचे ३५ ग्रॅम म्हणजे पाणी. पाण्यात कॅलरी शून्य, पण खांद्याला त्याचं ओझं पुरेपूर.

इथं शिदोरीचं सगळ्यात मोठं गुपित आहे. एका ग्रॅम पिष्टात किंवा साखरेत ४ कॅलरी, प्रथिनात ४, आणि तेलात ९. असं का? पिष्टाच्या रेणूत प्राणवायूचा भरणा आधीच आहे, म्हणजे तो काही अंशी जळालेलाच असतो. तेलाच्या रेणूत कार्बन आणि हायड्रोजनच जास्त, जळायचं जवळजवळ सगळं बाकी. म्हणून मूठभर शेंगदाणा मूठभर कुरमुऱ्यांपेक्षा कितीतरी लांब नेतो. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी वाळवलेल्या मांसाची पूड चरबीत कालवून पेमिकन नावाची शिदोरी केली, आणि पुढं ध्रुवाकडं निघालेल्या मोहिमांनीही तीच बरोबर नेली. आपल्याकडं शेंगदाणा, तीळ, कारळ आणि जवस कुटून चटणी झाली. दोन टोकांच्या लोकांना एकच गोष्ट सापडली: कोरडं कुटा, तेल राखा, पाणी काढून टाका.

पाणी काढून टाकण्याचा दुसरा फायदा टिकण्याचा. बुरशी आणि जिवाणू यांना वाढायला मोकळं पाणी लागतं. गुळात थोडं पाणी असतं, पण साखरेनं ते धरून ठेवलेलं असतं, जिवाणूंच्या वाट्याला येत नाही. कोरड्या चटणीत ते मुळातच नसतं, म्हणून ती पंधरा दिवस हलत नाही. उलट, शिजवलेला भात गाठोड्यात बांधू नये. भातातल्या काही जिवाणूंची बीजं शिजवूनही मरत नाहीत. उबदार पिशवीत ती जागी होऊन विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा तापवूनही जात नाही. मसालेभात सकाळी करून दुपारी संपवायचा असेल तर ठीक. दुसऱ्या दिवसासाठी कधीच नको.

दुसऱ्या दिवसासाठी आजीनं दशम्या केल्या. मी शेजारी बसून पाहत होतो. तिनं ज्वारीचं पीठ कोमट दुधात भिजवलं, गूळ विरघळवून त्यातच घातला आणि तळहाताच्या टाचेनं ते रेटत राहिली. गव्हाला चिवट धरून ठेवणारं ग्लुटेन असतं, ज्वारीला नसतं. म्हणून एरवी भाकरीला आधणाचं पाणी लागतं: गरम पाण्यानं थोडं पिष्ट फुगतं, चिकट होतं आणि बाकीच्या पिठाला बांधून ठेवतं. भाजलेली भाकरी थंड झाली की तेच पिष्ट पुन्हा आवळून रांगेत बसतं. सकाळची भाकरी रात्री वातड होते ती यामुळं. दुधातला स्निग्धांश त्या आवळण्याच्या आड येतो. म्हणून दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. धपाट्यांचं पीठ दह्यात भिजवलं की दह्याचा आंबटपणा जिवाणूंना थोपवतो. आणखी लांबच्या वाटेला कडक भाकरी: पातळ थापून, पूर्ण वाळवून, पाणीच शिल्लक न ठेवलेली.

कांद्याचं काय? त्यात बहुतेक पाणीच, कॅलरी नावापुरत्या. वजनाच्या हिशेबात तो बसत नाही. पण उन्हात चालून आलेल्या माणसाची भूक मरते, घास तोंडात फिरत राहतो. तेव्हा बुक्कीनं फोडलेला कांदा आणि बोटभर ठेचा तोंडाला पाणी आणतात आणि भाकरी खाली उतरते. जे खाल्लंच जात नाही, त्यातल्या कॅलरी कागदावरच राहतात.

खरं ओझं पाण्याचं

आता या हिशेबातला मला सगळ्यात सुंदर वाटलेला भाग.

स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेपैकी पाचवा, फार तर चौथा हिस्सा चालण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता होते. डोंगरातल्या दिवशी चालण्या-चढण्यात सोळाशे कॅलरी गेल्या, तर जवळजवळ तेराशे कॅलरींची उष्णता अंगात तयार झाली. ती बाहेर गेली नाही तर माणूस तापून पडेल. हवाच अंगाइतकी गरम असेल तर बाहेर जायची वाट एकच: घाम. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. तेराशेला ५८० नं भागा. सव्वादोन लिटर!

म्हणजे भाकरीचा आकडा आणि पाण्याचा आकडा हे वेगवेगळे नाहीतच. प्रत्येक भाकरी पायांना सव्वा कोस नेते आणि त्या बदल्यात तीनशे-साडेतीनशे ग्रॅम पाणी मागून घेते. ऊन जितकं कडक, तितकी ती आणखी मागते. त्यात श्वासातून, लघवीतून जाणारं पाणी मिळवलं की दिवसाला तीन-चार लिटर ही कमीत कमी गरज ठरते. चार लिटर पाणी म्हणजे चार किलो, आणि त्यासमोर अन्न ९०० ग्रॅम. पाठीवर आपण मुख्यतः पाणीच वाहतो.

पाण्याचं वजन लातूरकरांना कुणी सांगायला नको. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी. पाच लाख लिटर म्हणजे पाच लाख किलो, पाचशे टन. शहराची तहान भागवायला एक इंजिन आणि दहा वाघिणी लागतात. एका माणसाची तहान त्याच्या खांद्यांवर असते. तत्त्व एकच आहे: पाणी आटवून हलकं करता येत नाही.

आमची चूक इथंच झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला चौघांच्याही बाटल्या कोरड्या पडल्या. पिशवीत चिवडा, बिस्किटं, फुटाणे पडून होते, पण कोरड्या तोंडानं कुणाला घास गिळवेना. गुरं घेऊन चाललेल्या एका माणसानं पलीकडच्या वस्तीवरचा हापसा दाखवला. त्या हापशाचं पाणी पिताना कळलं की वाटेवरचा प्रत्येक हापसा, प्रत्येक विहीर आधीच विचारून ठेवायला हवी होती.

घामाबरोबर मीठही जातं, लिटरमागं साधारण दोन-तीन ग्रॅम. नुसतं पाणी पीत राहिलं तर ते भरून येत नाही. ठेचा, चटणी, लोणचं हे शिदोरीत चवीइतकेच त्या मिठासाठी असतात.

लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्ष अमावस्येला येळवस साजरी होते. घरंच्या घरं शेतात जातात, ज्वारीच्या कडब्याची कोप उभी राहते, भज्जी वाढली जाते आणि तिच्याबरोबर गाडग्यातली आंबील. ज्वारीचं पीठ, ताक, पाणी, मीठ. त्या एका पेल्याकडं आता नीट पाहा: पाणी आहे, मीठ आहे, पिष्टातली ऊर्जा आहे आणि टिकवून धरणारा आंबटपणाही आहे. चालणाऱ्याला जे जे लागतं, ते सगळं एका गाडग्यात!

अंगातली शिदोरी

पाण्याइतकी अन्नाची काळजी का नको, याचं उत्तर आपल्या अंगातच आहे. घरून निघताना यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये ४०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपानं साठलेली असते. तीच दोन हजार कॅलरींची. शरीर ही साखर फार साठवत नाही, कारण ती ओली असते. तिचा एक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. मोठा साठा कोरड्या चरबीत. ६५ किलोच्या माणसाच्या अंगावर दहा किलो चरबी धरली, तर तिच्यात पंच्याहत्तर हजारांहून जास्त कॅलरी. सव्वा कोसाच्या भाकरीच्या मापानं हा हजार किलोमीटरांहून लांबचा पल्ला झाला. हिवाळ्यात जायकवाडीच्या पाण्यावर उतरणारे पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात ते याच शिदोरीवर.

म्हणून दोन दिवसांच्या वाटेवर तीनशे-चारशे कॅलरी कमी पडल्या तर बिघडत नाही. शरीर पन्नासेक ग्रॅम चरबी काढून हिशेब मिटवतं. फक्त चरबी संथ जळते. चढाला लागणारी चटकन मिळणारी ऊर्जा साखरेची. म्हणून गुळाचा खडा गाठोड्यात तळाशी नको, खिशात हवा.

गोणी, बैल आणि वाट

वाट लांबली की मात्र गणित फिरतं. एक माणूस वीस किलो अन्न घेऊन निघाला आणि रोज ९०० ग्रॅम खात गेला, तर बाविसाव्या दिवशी पिशवी रिकामी. त्याच वाटेनं परतायचं असेल तर अकराव्या दिवशीच मागं फिरायला हवं. वाहणाराच ओझं खातो, हा या गणितातला अडसर.

त्यावर तोड काढली ती लदेणी करणाऱ्या बंजाऱ्यांनी. किनवट-माहूरच्या भागात आजही तांड्यामागं तांडे आहेत. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्याच्या आणि मिठाच्या गोण्या लादून देशभर फिरले. बैल शंभर किलोंहून जास्त ओझं वाहतो आणि गोणीतलं धान्य खात नाही. तो वाटेकडेचं गवत खातो! इंधन वाटेवरच उगवलेलं, माल शाबूत. १६३२मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला आग्र्याहून पाटण्याकडं जाताना असा एक तांडा दिसला. त्यानं बैल नोंदवले १४,०००. मोठमोठ्या फौजा अशा तांड्यांवर जगत.

आणि तो पुरवठा तुटला की काय होतं, याची आठवण लातूर जिल्ह्यातलं उदगीर करून देतं. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं. त्याच वर्षी ते उत्तरेकडं निघाले. लढवय्यांबरोबर यात्रेकरू होते, बाजारबुणगे होते, बायकामुलं होती. पानिपतावर अब्दालीनं रसद तोडली आणि छावणीत उपासमार सुरू झाली. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे रणात उतरले ते उपाशी पोटानं. उदगीर जिंकून तेव्हा वर्षही भरलं नव्हतं.

सगळ्यात हलकी शिदोरी मात्र माणसांनी माणसांसाठी वाटेवर ठेवलेली. नांदेडला सचखंड हुजूर साहिबच्या लंगरात येईल त्याला जेवण मिळतं. पंढरीच्या वाटेवर गावंच्या गावं दिंड्यांना जेवू घालतात, म्हणून वारकऱ्याच्या खांद्यावर पताका असते, गोणी नसते. वाटेत कुठं जेवण मिळतं हे पक्कं ठाऊक असेल, तर तेवढ्या शिदोरीचं वजन शून्य.

निघण्याआधी

तुम्ही माहूरला जा, सहस्रकुंडच्या धबधब्याकडं जा, खरोश्याच्या लेण्यांकडं नाहीतर हत्तीबेटावर जा. निघण्याआधी आजीचे तीन प्रश्न स्वतःला विचारा: किती जण, किती चाल, परत कधी. माणशी दिवसाला पाऊण ते एक किलो अन्न धरा. त्यात निदान पाव हिस्सा शेंगदाणा-तिळासारखं तेलाचं असू द्या. ओलं पहिल्या दिवशी संपवा, कोरडं दुसऱ्या दिवसाला ठेवा. एका जेवणाचं वरचं घ्या, त्याहून जास्त नको.

आम्ही परतलो तेव्हा उरलेलं सगळं काट्यावर ठेवलं. आजीच्या गाठोड्यातली एकही भाकरी उरली नव्हती. वरच्या चार हापसा दाखवणाऱ्या माणसाबरोबर बसून खाल्ल्या होत्या. आम्ही दुकानातून भीतीपोटी भरलेला चिवडा आणि बिस्किटं मात्र दीड किलो परत आली होती. दोन दिवस ती आम्ही उगाच डोंगरावर चढवली आणि उतरवली. तेवढ्याच वजनात दीड लिटर पाणी मावलं असतं.

तुम्हीही परतल्यावर पिशवी झटकण्याआधी उरलेलं मोजा आणि वहीत लिहून ठेवा. दोन-तीन फेऱ्यांत तुमचा अंदाज बसेल. अन्न अंदाजानं घ्या. पाणी अंदाजाहून लिटरभर जास्त घ्या.